बॅ. नाथ पै आणि एक व्यपगत विधेयक



संसदेच्या कामकाजात ‘व्यपगत’ असा एक शब्द आहे. लोकसभा विसर्जित झाली की तिच्यापुढे निर्णयावाचून राहिलेली विधेयके आपोआप संपतात. ती मंजूर झालेली नसतात आणि कोणी फेटाळलेलीही नसतात. सरकारी भाषेत ती व्यपगत होतात. २७ डिसेंबर १९७० रोजी चौथी लोकसभा मुदतीआधीच विसर्जित झाली. तेव्हा व्यपगत झालेल्या विधेयकांत भारतीय राज्यघटनेच्या दुरुस्तीचे एक विधेयक होते. ते कोणा मंत्र्याने मांडलेले नव्हते. राजापूर मतदारसंघाचे खासदार बॅरिस्टर नाथ पै यांनी १९६७ साली ते मांडले होते. लोकसभा विसर्जित झाल्यापासून बाविसाव्या दिवशी, १८ जानेवारी १९७१ रोजी, विधेयकाचे कर्तेही बेळगावात निवर्तले. वय अवघे अठ्ठेचाळीस.

नाथ पै हे नाव आपल्या घरांतून प्रामुख्याने वक्ते म्हणून ऐकू येते. त्यांच्या वक्तृत्वाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. इथे मात्र त्यांच्या वाणीपेक्षा त्यांच्या नोंदीकडे पाहायचे आहे. मंत्रिपद कधी न मिळालेला, सदैव अल्पमतात असलेला खासदार सभागृहात काय करू शकतो, त्याने केलेल्याचे माप कोणत्या शेराने मोजायचे, हा या लेखाचा प्रश्न. गोव्यात, सीमाभागात, माळव्यात, हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसांना हा प्रश्न जवळचा आहे. ज्या सभागृहांत आपली गाऱ्हाणी मांडली जातात, तिथे आपल्या बाजूचे हात नेहमी कमीच असतात.

आधी थोडी ओळख. नाथ पै यांचा जन्म २५ सप्टेंबर १९२२चा, वेंगुर्ल्याचा. शिक्षणानिमित्त बेळगावशी संबंध आला तो जन्माचा जडला. १९४२च्या लढ्यात तुरुंगवास झाला. पुढे विलायतेत जाऊन ते बॅरिस्टर झाले. १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुकांत राजापूरच्या मतदारांनी त्यांना लोकसभेत पाठवले. त्यांचा प्रजासमाजवादी पक्ष लहान होता आणि लहानच राहिला. या तीन निवडणुकांत त्याला लोकसभेच्या अनुक्रमे एकोणीस, बारा आणि तेरा जागा मिळाल्या. पाचशेहून अधिक सदस्यांच्या सभागृहात तेरा जणांनी काय करायचे? मतदानाने एखादा कायदा पाडणे त्यांच्या हाती नव्हते आणि आणणे तर नव्हतेच. बसायची जागा कोणत्याही रांगेत असो, सत्तेच्या हिशेबात हे मागचेच बाक.

अलीकडे खासदाराचे प्रगतिपुस्तक आकड्यांत मांडण्याची पद्धत आली आहे. उपस्थिती किती टक्के, प्रश्न किती, चर्चेत भाग किती वेळा, अशासकीय विधेयके किती. हे आकडे निरुपयोगी नाहीत. सभागृहात न फिरकणारा सदस्य त्यांत लगेच उघडा पडतो. पण सदस्याने मत कोणत्या बाजूला दिले, हे कळावे अशी जर आपली अपेक्षा असेल, तर सभागृहाची रीत आधी समजून घ्यावी लागते.

आपल्या संसदेत बहुतेक ठराव आणि कायदे आवाजी मतदानाने मंजूर होतात. अध्यक्ष प्रस्ताव मतास टाकतात, अनुकूल सदस्य ‘होय’ म्हणतात, प्रतिकूल ‘नाही’ म्हणतात, आणि कोणता आवाज मोठा हे अध्यक्ष ठरवतात. या पद्धतीत कोणाचेही नाव नोंदले जात नाही. एखाद्या सदस्याने अध्यक्षांच्या निर्णयास हरकत घेऊन मतविभागणी मागितली, तरच नावानिशी मते नोंदली जातात आणि इतिवृत्तात दोन याद्या छापल्या जातात. त्या याद्यांखाली कधी कधी तळटीपही असते, की अमुक सदस्याने चुकून भलतेच बटण दाबले. म्हणजे ज्याला आपण ‘मतदानाचा इतिहास’ म्हणतो, त्याचा बराच मोठा भाग मुळात कागदावर उतरतच नाही.

याला ठळक अपवाद घटनादुरुस्तीचा. घटनेच्या ३६८व्या कलमाप्रमाणे प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येचे बहुमत हवे आणि शिवाय उपस्थित राहून मत देणाऱ्यांपैकी दोनतृतीयांश अनुकूल हवेत. इथे आवाजावर भागत नाही, डोकी मोजावी लागतात. बडोदे, ग्वाल्हेर आणि इंदूरच्या वाचकांना यातले एक मतदान विशेष आठवेल. संस्थानिकांचे तनखे बंद करणारे विधेयक सप्टेंबर १९७० मध्ये लोकसभेत मंजूर झाले आणि राज्यसभेत गेले. तिथे अनुकूल मते पडली १४९ आणि प्रतिकूल ७५. एकूण २२४ मतांचे दोनतृतीयांश होतात १४९ आणि वर एक तृतीयांश. तेवढ्या अपूर्णांकाने विधेयक पडले. मागच्या बाकावरच्या एकेका सदस्याला अशा दिवशी किती मोल येते, हे यावरून दिसते. पण असे दिवस संसदेच्या आयुष्यात क्वचितच उगवतात. उरलेल्या दिवसांत लहान पक्षाच्या सदस्याचे मत निकाल बदलत नाही. त्याच्या हातात उरतात ती प्रश्न विचारण्याची, चर्चा घडवण्याची आणि विधेयक मांडण्याची साधने.

नाथ पै यांनी यांतले शेवटचे साधन कसे वापरले, ते पाहू.

२७ फेब्रुवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्याचा निकाल दिला. पंजाबातील एका कुटुंबाची जमीनधारणा कायद्याखाली काढून घेतली जात होती, त्यातून हा खटला उभा राहिला होता. अकरा न्यायमूर्तींपैकी सहांनी एका बाजूने आणि पाचांनी दुसऱ्या बाजूने मत दिले. सरन्यायाधीश सुब्बा राव बहुमतात होते. झालेल्या घटनादुरुस्त्या तशाच राहतील, परंतु यापुढे मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही, असा त्या निकालाचा अर्थ होता. त्या वेळी मालमत्तेचा हक्कही मूलभूत हक्कांत मोडत असे. त्यामुळे जमीनसुधारणेचा पुढचा रस्ताच बंद झाला, अशी अनेकांची भावना झाली.

निकालाला चाळीस दिवसही झाले नव्हते. ७ एप्रिल १९६७ रोजी नाथ पै यांनी लोकसभेत विधेयक मांडले. त्याचे सार एका वाक्यात सांगता येते: घटनेतील कोणत्याही तरतुदीत, मूलभूत हक्कांतसुद्धा, ३६८व्या कलमाप्रमाणे दुरुस्ती करण्याचा अधिकार संसदेला आहे, हे घटनेतच स्पष्ट लिहावे.

या कृतीतला विरोधाभास लक्षात घ्या. मांडणारा विरोधी पक्षाचा. लोकसभेत ५२० पैकी २८३ जागा काँग्रेसच्या. घटना बदलण्याचा अधिकार संसदेला द्या, याचा त्या दिवसापुरता व्यवहारी अर्थ असा, की आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या हाती अधिक बळ द्या. त्यातच निकाल देणारे सुब्बा राव लवकरच अनेक विरोधी पक्षांच्या वतीने राष्ट्रपतिपदाचे उमेदवार म्हणून उभे राहिले. केवळ सरकारला अडचणीत आणणे हाच विरोधकाचा धर्म मानला असता, तर नाथ पै यांनी त्या निकालाचे स्वागत केले असते. त्यांनी तसे केले नाही. लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाला घटना सुधारण्याचा अधिकार नसेल, तर समाजवादी सुधारणा सनदशीर मार्गाने होणार कशा, असा त्यांच्या विधेयकामागचा विचार होता.

अशासकीय विधेयकाला मिळणारा वेळ किती असतो, हेही पाहावे. आठवड्याच्या कामकाजात शुक्रवारी शेवटचे अडीच तास मंत्री नसलेल्या सदस्यांचे. त्यात अनेकांची विधेयके, अनेकांचे ठराव. कोणाचे आधी हे चिठ्ठ्या टाकून ठरते. शुक्रवारी दुपारनंतर गावाकडे निघणाऱ्या सदस्यांमुळे बाके रिकामी होऊ लागतात. १९५२पासून आजवर अवघी चौदा अशासकीय विधेयके कायद्यात रूपांतरित झाली, आणि त्यांतले शेवटचे १९७० साली. घटनादुरुस्तीचे त्यांत एकही नाही. अशा चिंचोळ्या वाटेने नाथ पै घटनेच्या सर्वांत मोठ्या प्रश्नाला हात घालायला निघाले होते.

तरीही ते विधेयक इतरांसारखे विसरले गेले नाही. सरकारने त्याला पाठिंबा दिला. ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले आणि १९६८ मध्ये समितीचा अहवाल आला. देशभर वाद झाला. स्वतंत्र पक्षाचे मिनू मसानी सभागृहात त्याच्या विरोधात उभे राहिले, तर सभागृहाबाहेर नानी पालखीवाला यांनी त्यावर कडाडून टीका केली. विरोधकांचा युक्तिवाद हलका नव्हता. मूलभूत हक्क हे बहुमतापासून रक्षण करण्यासाठी असतात, तेव्हा बहुमताच्याच हाती त्यांची किल्ली कशी द्यायची, असे त्यांचे म्हणणे. नाथ पै यांचे उत्तर लोकांवरच्या विश्वासाचे होते. बहुमत चुकेल म्हणून त्याचा अधिकारच काढून घेणे म्हणजे लोकशाहीवरचा विश्वास सोडणे, अशी त्यांची भूमिका होती.

चर्चा लांबत गेली. सरकारचा पाठिंबा होता, पण दोनतृतीयांश मते जमवण्याची उमेद नव्हती. नोव्हेंबर १९६९ मध्ये काँग्रेस दुभंगली आणि ती उमेद आणखी मावळली. पुढच्याच वर्षी बँक राष्ट्रीयीकरणाच्या आणि तनख्यांच्या प्रकरणांत न्यायालयाचे निकाल सरकारविरुद्ध गेले. मग लोकसभाच विसर्जित झाली. आजच्या प्रगतिपुस्तकाच्या रकान्यात लिहायचे तर या सगळ्याची नोंद एवढीच: ‘मांडलेले विधेयक एक, मंजूर शून्य.’

पण इतिहास त्या रकान्यापाशी थांबला नाही. १९७१च्या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या काँग्रेसला ३५२ जागा मिळाल्या. कायदामंत्री ह. रा. गोखले यांनी जुलै १९७१ मध्ये चोविसाव्या घटनादुरुस्तीचे विधेयक आणले. संसदेला घटनेच्या कोणत्याही तरतुदीत दुरुस्ती करता येईल, हा त्याचा गाभा म्हणजे नाथ पै यांच्याच विधेयकाचा गाभा होता. ४ ऑगस्ट १९७१ रोजी लोकसभेत ते ३८४ विरुद्ध २३ मतांनी मंजूर झाले. अनुकूल मतदारांच्या त्या लांबलचक यादीत नाथ पै यांचे नाव नाही. ते असायला सहा महिने उशीर झाला होता. मतदानाच्या याद्या वाचणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे, की कायदा ज्याच्या विचारातून आला तो माणूस यादीत नसूही शकतो.

इथवर कथा विजयाची वाटते. ती तशी सरळ नाही, आणि नाथ पै यांच्याविषयी आदर असणाऱ्यांनीच पुढचा भाग टाळता कामा नये. संसदेला मिळालेला तो अधिकार चार-पाच वर्षांतच कसा वापरला गेला, हे आपल्याला माहीत आहे. आणीबाणीत विरोधी पक्षांचे अनेक सदस्य तुरुंगात असताना घटनेत दूरगामी बदल झाले. १९७६च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने न्यायालयांचे हात बांधण्याचा प्रयत्न केला. मसानी आणि पालखीवाला यांनी दाखवलेली भीती काल्पनिक नव्हती.

याच काळातला दुसरा एक मराठी खासदार नाथ पै यांच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. मधू लिमये पुण्याचे, वयाने नाथ पै यांच्या बरोबरीचे, गोव्याच्या मुक्तीसाठी १९५५ साली सत्याग्रह करून पोर्तुगिजांच्या तुरुंगात राहिलेले. संसदेत ते निवडून गेले बिहारमधून, आधी मुंगेर आणि मग बांका येथून. नियमांचा त्यांचा अभ्यास इतका होता, की ते हरकतीचा मुद्दा घेऊन उठले की सत्ताधारी बाके सावध होत. १९७६ साली सभागृहाने कायदा करून स्वतःचीच मुदत वाढवली, तेव्हा तुरुंगात असलेल्या लिमये यांनी लोकसभेचा राजीनामा दिला. शरद यादव यांनीही दिला. मतदारांनी पाच वर्षांसाठी दिलेली जागा त्यापुढे आपली नाही, असा त्याचा अर्थ. आता सांगा, उपस्थितीच्या तक्त्यात हे कसे मांडणार? तिथे फक्त कोरी जागा दिसेल. लिमये यांच्या संसदीय आयुष्यातील कदाचित सर्वांत बोलकी नोंद म्हणजे ती कोरी जागा.

मग नाथ पै चुकले का? माझे उत्तर असे. त्यांनी मांडलेल्या प्रश्नाचा अर्धा निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि अर्धा विरुद्ध. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींपैकी सात विरुद्ध सहा अशा बहुमताने न्यायालयाने सांगितले, की संसद मूलभूत हक्कांसह घटनेची कोणतीही तरतूद बदलू शकते, पण घटनेची मूळ चौकट मोडू शकत नाही. चोविसावी दुरुस्ती वैध ठरली, गोलकनाथचा निकाल रद्द झाला. नाथ पै यांचे म्हणणे टिकले. त्याचबरोबर त्यांनी न घातलेली मर्यादाही घातली गेली. विरोधकांची भीतीही ग्राह्य धरली गेली. पुढे १९७८च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला, आणि ती आणली आणीबाणीविरुद्ध निवडून आलेल्या सरकारने. तोवर वादाची दोन्ही टोके झिजून एक मधला रस्ता तयार झाला होता. तो रस्ता तयार होण्यासाठी कोणीतरी दोन्ही बाजू नीट, जाहीरपणे आणि सभ्यपणे मांडणे आवश्यक होते. अशासकीय विधेयकाने ते काम केले. बाजू घेतलेला सदस्य प्रत्येक वेळी बरोबर ठरला पाहिजे, अशी अट आपण घालू नये. त्याने प्रश्न खरा निवडला का आणि तो उघडपणे चालवला का, हे मात्र तपासावे.

या प्रकारची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षण टप्प्याटप्प्याने सक्तीचे करण्याचे विधेयक मांडले. त्यांच्यासमोर उदाहरण होते बडोदे संस्थानाचे. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले होते. मार्च १९१२ मध्ये गोखल्यांचे विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. पडणार हे त्यांना ठाऊक होते. शिक्षणाचा हक्क मूलभूत हक्क झाला तो २००२च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने, आणि त्याचा कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी. त्या तेरा मतांचे फळ पिकायला जवळपास शतक लागले.

आता बेळगावकडे वळू. नाथ पै यांच्या नोंदीचा एक भाग कोणत्याच तक्त्यात बसत नाही. त्यांचा मतदारसंघ राजापूर. बेळगाव त्यांच्या मतदारसंघात नव्हते, १९५६ नंतर ते त्यांच्या राज्यातही नव्हते. बेळगावातल्या एकाही मतदाराला त्यांच्या नावापुढे शिक्का मारता येत नव्हता. तरी सीमाभागातील मराठी माणसांचे म्हणणे ते दिल्लीत सांगत राहिले. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला आणि त्याने बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवले, तेव्हाही ते गप्प बसले नाहीत. १७ जानेवारी हा बेळगावचा हुतात्मा दिन. १९७१च्या त्या दिवशी ते तिथल्या सभेत बोलले आणि दुसरा दिवस त्यांना दिसला नाही.

खासदार कोणाचा? त्याला निवडून देणाऱ्यांचा, हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. आपल्यासारख्या, आपल्या भाषेच्या राज्याबाहेर राहणाऱ्या लोकांना अनेकदा अशा माणसाची गरज लागते, ज्याला आपण मत देऊ शकत नाही. आणि उलटही खरे आहे. मुंगेर आणि बांक्याच्या बिहारी मतदारांनी एका पुणेकराला आपला मानले. त्यांचे प्रश्न त्याने आपले मानले. ही देवघेव संसदेच्या कोणत्याही नियमात लिहिलेली नाही.

कोकण रेल्वेची गोष्टही या नोंदीत मोडते. कोकणाला रेल्वे हवी, हे नाथ पै यांनी लोकसभेत वर्षानुवर्षे लावून धरले. त्यांच्यानंतर राजापूरहून १९७१ ते १९८९ अशा पाच निवडणुका जिंकणारे मधू दंडवते यांनी तेच पुढे चालवले. १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. आज रत्नागिरीहून मडगावला गाडीत बसून जाणाऱ्याला त्यामागे सभागृहातील किती जुने प्रश्न आणि किती भाषणे आहेत, याची कल्पना असण्याचे कारण नाही.

शेवटी एक फरक सांगायला हवा. १९८५च्या बावन्नाव्या दुरुस्तीने पक्षांतरबंदी आली. पक्षादेश मोडून मत दिले, तर सदस्यत्व जाऊ शकते. त्यामुळे आजच्या खासदाराच्या वा आमदाराच्या मतदानात बहुतेक वेळा त्याचा पक्ष दिसतो, तो स्वतः क्वचितच. त्याला शोधायचे तर प्रश्नांत शोधावे, समित्यांच्या अहवालांत शोधावे, आणि शुक्रवारच्या त्या अडीच तासांत शोधावे, जिथे आजही सहसा पक्षादेश निघत नाही.

पणजी, बंगळूर, भोपाळ, गांधीनगर, हैदराबाद या विधानसभांची इतिवृत्तेही छापली जातात आणि ग्रंथालयांत असतात. आपल्या भागातील सदस्याने मराठी शाळांविषयी, ग्रंथालयांविषयी, रस्त्यापाण्याविषयी किती प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे काय आली, हे आपल्या मंडळांतील दोनचार तरुण एका उन्हाळ्यात शोधून काढू शकतील. त्यांत मंजूर झालेले थोडे सापडेल आणि फेटाळलेले, अनुत्तरित राहिलेले, व्यपगत झालेले पुष्कळ. ते दुसरे ढीगही टाकून देऊ नका. नाथ पै यांचे विधेयक तिथेच पडलेले होते.